मेंदूच्या अँटिबॉडी टेस्टचं सॅम्पल देताना

‘ऑटोइम्यून एन्सेफलायटिस पॅनेल’ (मेंदूच्या सुजेमागच्या अँटिबॉडींची टेस्ट) अशी चिठ्ठी घेऊन आमच्या लॅबमध्ये येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “रक्त दिलंय, मग पाठीतलं पाणी कशाला?” हे पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, कमरेत सुई टोचून काढतात तो.

या आजारात शरीरानेच तयार केलेल्या अँटिबॉडी मेंदूवर उलटतात. २००७ साली न्यूरॉलॉजिस्ट डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनएमडीए रिसेप्टर या मेंदूच्या पेशींवरच्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी ओळखली. हा प्रकार जास्त करून तरुण मुलींत आणि लहान मुलांत दिसतो. चांगली शिकणारी मुलगी आठ-पंधरा दिवसांत झोप सोडते, भलतंसलतं बोलते, मग फिट येते, तोंडाच्या विचित्र हालचाली सुरू होतात. एमआरआय पुष्कळदा नॉर्मल असतो. तोवर घरच्यांचं देवऋषी किंवा नुसत्या झोपेच्या गोळ्या करून झालेलं असतं.

आता मुद्द्याचं. एनएमडीएच्या १०० रुग्णांपैकी साधारण १४ जणांचं रक्त निगेटिव्ह येतं, पण पाण्यात अँटिबॉडी सापडते. एलजीआय१ या मेंदूतल्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीचा प्रकार जास्त करून पन्नाशीपुढच्यांचा. त्यात चेहरा आणि हात क्षणभर झटकतात, रक्तातलं सोडियमही उतरतं. तिथे उलट रक्तच जास्त भरवशाचं. म्हणून आम्ही दोन्ही मागतो. बिल फुगवायला नव्हे!

“पाणी काढलं की कंबर जाते” हे आम्ही रोज ऐकतो. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. नुसतं रक्त पाठवायचं, निगेटिव्ह आलं की पुन्हा पाण्यासाठी धावपळ करायची, यात आठवडा सहज जातो. मधल्या काळात आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायचं अँटिबॉडींचं औषध, सुरू झालेलं असतं. ते हजारो दात्यांच्या रक्तापासून बनतं, त्यांच्या अँटिबॉडी रिपोर्टमध्ये घोळ घालतात. उपचार म्हणून प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलला तर खऱ्या अँटिबॉडीच उतरतात. तेव्हा सॅम्पल त्याआधी.

उपचार मात्र रिपोर्टसाठी थांबवू नका. संशय पक्का असला की डॉक्टर स्टेरॉइड, म्हणजे रोज १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन ३ ते ५ दिवस, लगेच सुरू करतात. गरज पडल्यास पुढे रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. मुलींची अंडाशयाची सोनोग्राफीही सांगतील. तिथली टेराटोमाची गाठ काही वेळा मूळ कारण असते, ती काढावी लागते. सुधारणा सावकाश होते, वर्ष-दीड वर्षही लागतं.

टेस्ट आमच्याकडे होत नाही, मोठ्या लॅबला जाते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मागून उपयोग नाही. आमचा माणूस आयसीयूतून सॅम्पल रात्रीही उचलतो, बर्फाच्या डब्यातून, जादा पैसे न घेता. उरलेलं पाणी महिनाभर फ्रीजरमध्ये ठेवतो; डॉक्टरांनी आणखी एखादी टेस्ट सांगितली तर पुन्हा सुई टोचायला नको. पाणी साध्या निर्जंतुक ट्यूबमध्येच घ्यायला सांगा. शनिवारी दुपारी दोननंतर आलेलं सॅम्पल सोमवारीच निघतं.