जुन्या गाडीचा बिल्ला कोणाचा?

पुण्याच्या नाना पेठेत गाडीचा पार्ट मागायला गेलं की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "कंपनीचा देऊ का लोकल?" चालू मॉडेलच्या गाडीसाठी हा प्रश्न रास्त आहे. पण जुनी पद्मिनी बाळगणाऱ्याला तो विचारण्यात काही हशील नसतं, कारण कंपनीचा पार्ट केव्हाच बंद झालेला असतो. मग कुणी लेथवाल्याकडून बुश वळवून घेतो, कुणी फायबरचा बंपर ओतून घेतो, तर कुणी जुन्या बाजारात पथारीवर मांडलेले बिल्ले उलटेपालटे करत बसतो. या हौसेवर गॅरेजवाले, पत्र्याचं काम करणारे, रबराची बीडिंग बनवणारे आणि रॅलीचे टी-शर्ट छापणारे असा एक छोटा व्यवसायही उभा राहिलेला आहे.

जगभर याच लोकांना कारकंपन्यांच्या वकिलांच्या नोटिसा जातात. बोर्डावरचं नाव, ग्रिलवरचं चिन्ह, क्लबच्या कॅलेंडरवरचा फोटो, कारण काहीही चालतं. २००८ च्या सुरुवातीला अमेरिकेत मस्टँगप्रेमींच्या एका क्लबने सभासदांच्या गाड्यांचे फोटो घेऊन कॅलेंडर करायचं ठरवलं, तर फोर्डच्या हक्कांचं कारण सांगून छापणाऱ्या कंपनीने काम परत पाठवलं. बोभाटा झाल्यावर, सभासदांनी आपल्याच गाड्यांचे फोटो छापायला आमची हरकत नाही, असा खुलासा फोर्डला करावा लागला. ही भांडणं आजची नाहीत, आणि त्यांच्या मुळाशी गेलं की कायदा कुठून निघून कुठे आला ते दिसतं.

ट्रेडमार्कचा, म्हणजे कंपनीच्या नावावर आणि चिन्हावर असलेल्या हक्काचा, मूळ हेतू गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये एवढाच होता. १९४७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे चँपियन कंपनीच्या स्पार्क प्लगचा खटला आला. एक जण वापरलेले प्लग साफसूफ करून त्याच नावाने पुन्हा विकत होता. न्यायालय म्हणालं, नाव राहू द्या, पण प्लग जुना आहे, दुरुस्त केलेला आहे, हे स्पष्ट लिहा. निकालात गाडीचाही दाखला होता: व्हॉल्व्ह घासून, पिस्टन रिंगा बदलून गाडी विकली, म्हणून तिच्यावरचं फोर्डचं नाव खरवडून काढा असं कुणी म्हणणार नाही. जुन्या गाड्यांच्या बाजूने इतकं सरळ बोलणारा निकाल पुढे फारसा झाला नाही.

मग आल्या फोक्सवॅगनच्या बीटल. अमेरिकेत त्या इतक्या खपल्या की अधिकृत डीलरांशी संबंध नसलेली गॅरेजेस गल्लोगल्ली निघाली. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या एका गॅरेजवाल्यावर कंपनीने दावा लावला आणि १९६९ मध्ये ती हरली. तो आपल्या जाहिरातीत 'इंडिपेंडंट' हा शब्द घालत असे. कंपनीची अक्षरांची ढब, रंगसंगती, वर्तुळातलं ते 'व्हीडब्ल्यू', यांतलं काहीही त्याने उचललं नव्हतं. फोक्सवॅगन दुरुस्त करणाऱ्याने 'फोक्सवॅगन' हा शब्द न वापरता धंदा करायचा कसा, हे न्यायालयाला पटलं. युरोपात हाच प्रश्न १९९९ मध्ये सुटला. बीएमडब्ल्यूच्या दुरुस्तीतला तज्ज्ञ म्हणून जाहिरात करणाऱ्या डेनिक नावाच्या डच गॅरेजवाल्याविरुद्ध कंपनी युरोपीय न्यायालयापर्यंत गेली होती. दुरुस्ती करतो हे सांगायला नाव वापरता येईल, मात्र आपण कंपनीचेच आहोत असा भास होता कामा नये, असं न्यायालयाने ठरवलं.

थोडक्यात, नाव घ्यायला मुभा, चिन्ह लावायला मनाई. चालत्या गाड्यांच्या गॅरेजला एवढं पुरतं. जुनी गाडी मूळ रूपात आणणाऱ्याची पंचाईत मात्र इथेच सुरू होते, कारण त्याच्यासाठी चिन्ह हा गाडीचा भागच असतो. बिनबिल्ल्याची ग्रिल लावून शोमध्ये गाडी उभी करणार कशी?

या पंचाईतीवरचा सर्वात बोलका निकाल २५ जानेवारी २०२४ चा आहे. पोलंडमधला एक पार्टविक्रेता ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या ऑडी मॉडेलांसाठी ग्रिल विकत होता. ग्रिलवर ऑडीच्या चिन्हातल्या चार कड्या नव्हत्या. होती ती फक्त त्या कड्या बसवण्यासाठी त्याच आकाराची केलेली जागा. ऑडीने त्या जागेवरच आक्षेप घेतला. विक्रेत्याचं म्हणणं, मी पार्ट विकतोय, बिल्ला गिऱ्हाईक आपला लावेल. वॉर्सातल्या न्यायालयाने युरोपीय न्यायालयाला विचारलं, तेव्हा उत्तर आलं की त्या जागेचा आकार चिन्हासारखा असेल तर कंपनी विक्री थांबवू शकते. वस्तूच्या रूपाला संरक्षण देणाऱ्या डिझाइनच्या कायद्यात दुरुस्तीच्या पार्टांना जी सूट आहे ती ट्रेडमार्कला लागू नाही. २०१५ मध्ये फोर्डचं चिन्ह असलेल्या व्हीलकॅपच्या इटालियन प्रकरणातही हेच झालं होतं. पण तिथे निदान चिन्ह प्रत्यक्ष छापलेलं होतं. इथे खाचेलाच चिन्ह मानलं गेलं. माझ्या मते इथे कायद्याने गिऱ्हाइकाचा हात सोडला. पस्तीस वर्षांपूर्वीच्या ऑडीची ग्रिल घेणारा माणूस ती कारखान्यातून कालच आली असं समजत नाही.

कंपन्या इतक्या इरेला का पेटतात? एक कारण सरळ आहे: डिझाइनचा हक्क संपतो, ट्रेडमार्कचा संपत नाही. आपल्याकडे डिझाइन नोंदणी १० अधिक ५ अशी १५ वर्षं टिकते. ट्रेडमार्क मात्र दर १० वर्षांनी फी भरून कितीही काळ जिवंत ठेवता येतो. म्हणून हल्ली आकारही ट्रेडमार्कमध्ये बसवायची धडपड चालते. टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरने जुन्या डिफेंडरचा चौकोनी आकार ब्रिटनमध्ये नोंदवायचा प्रयत्न केला. २०१९ मध्ये तो फेटाळला गेला आणि २०२० मध्ये हायकोर्टानेही तेच कायम केलं.

दुसरं कारण पैशाचं. जुन्या मॉडेलांच्या पार्टांचं कंपन्यांना फारसं सोयरसुतक नव्हतं त्या काळात त्या गाड्या जगवल्या क्लबांनी आणि छोट्या कारखानदारांनी. पुढे किमती चढल्या तशा कंपन्या परतल्या. मर्सिडीजने १९९३ मध्ये क्लासिक गाड्यांचं स्वतंत्र केंद्र काढलं. जग्वारने २०१४ मध्ये, १९६३ साली अर्धवट राहिलेल्या १८ हलक्या ई-टाइप गाड्यांपैकी उरलेल्या सहा नव्याने बांधायला घेतल्या, एकेक दहा लाख पौंडांच्या घरात. वारसा म्हणजे विकायचा माल झाला की तो सांभाळणारा शेजारी प्रतिस्पर्धी दिसू लागतो.

करार संपला की नाव परत करावं लागतं, हे पुणेकरांना नव्याने शिकवायला नको. आकुर्डीची बजाज कंपनी इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा स्कूटर काढायची. १९७१ मध्ये करार संपला आणि पुढच्याच वर्षी चेतक आली. कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट ११०० आधी 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी'. कागदोपत्री नाव बदललं तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले, आणि आजही एखादा हौशी मालक पद्मिनीच्या ग्रिलवर फियाटचा जुना बिल्ला चढवतो. त्याचं त्यात काही चुकत नाही. आपला ट्रेडमार्क कायदा व्यापारात केलेल्या वापराला उल्लंघन मानतो, घरच्या गाडीला नाही. पण तोच बिल्ला नव्याने पाडून विकणारा कारागीर कायद्याच्या कचाट्यात येतो. लावायला हरकत नाही, बनवायला आहे, अशी ही गंमत.

१९९९ च्या आपल्या कायद्याच्या कलम ३० मध्ये पार्टवाल्यांसाठी मात्र एक दार उघडं आहे. पार्ट कोणत्या गाडीला बसतो हे सांगण्यापुरतं, वाजवी गरज असेल तेवढं गाडीचं नाव वापरता येतं. अट एकच, कंपनीशी खोटं नातं दाखवायचं नाही. प्रियस ऑटो इंडस्ट्रीज या दिल्लीच्या पार्टवाल्या कंपनीने याचाच आधार घेतला. 'टोयोटा' आणि 'इनोव्हा' ही नावं खोक्यावर वापरायला दिल्ली हायकोर्टाने तिला परवानगी दिली, पण टोयोटाच्या लोगोच्या ढबीत लिहायचं नाही आणि 'जेन्युइन अॅक्सेसरीज' म्हणताना कुणाच्या ते सांगायचं, असं बजावलं. खुद्द 'प्रियस' या नावाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. टोयोटाने आपली प्रियस गाडी १९९७ मध्ये जपानात आणली होती, पण दिल्लीची कंपनी ते नाव वापरू लागली तेव्हा, २००१ मध्ये, भारतात त्या नावाची ख्याती पोचली होती हे टोयोटाला सिद्ध करता आलं नाही, आणि डिसेंबर २०१७ मध्ये बलाढ्य कंपनी हरली.

खोक्यावर नाव वापरू देणाऱ्या दिल्लीच्या निकालावर पार्टवाल्यांनी फार खूश होऊ नये. २०१२ मध्ये त्याच हायकोर्टाने हॉकिन्सच्या बाजूने दिलेला निकालही ध्यानात ठेवायला हवा. कुकरच्या गॅस्केटच्या पाकिटावर हॉकिन्सचं नाव ठळक छापलं होतं. गॅस्केट इतर कुकरनाही बसत असेल तर एकाच कंपनीचं नाव घ्यायची गरज काय, असं न्यायालयाने विचारलं. चार गाड्यांना बसणारा बल्ब एकाच गाडीच्या नावावर विकणाऱ्याला हा प्रश्न अडचणीचाच.

कंपन्यांची एक बाजू खरी आहे. हुबेहूब खोक्यात भरलेले बनावट ब्रेक लायनर जीव घेऊ शकतात. तिथे पोलिसांना वॉरंटशिवाय माल जप्त करण्याचा अधिकार आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. ती असायलाच हवी. माझा आक्षेप आहे तो लायनरवाल्याला आणि रॅलीचे टी-शर्ट छापणाऱ्याला एकाच मजकुराची नोटीस पाठवण्यावर.

त्या नोटिशीचा साचा ठरलेला असतो: सात किंवा पंधरा दिवसांत बोर्ड उतरवा, साठा सुपूर्द करा, पुन्हा करणार नाही असं हमीपत्र द्या, नाहीतर नुकसानभरपाई. बिनबुडाच्या धमकीवर इलाज म्हणून कायद्यात कलम १४२ आहे. नोटीस मिळालेला माणूस उलट दावा लावून ती धमकी गैरवाजवी असल्याचं जाहीर करून घेऊ शकतो, मनाई हुकूम मिळवू शकतो, भरपाईही मागू शकतो. कंपनीने वेळेत स्वतः दावा गुदरला की मात्र हे कलम निरुपयोगी होतं. शिवाय त्यासाठी शिवाजीनगरच्या कोर्टात वकील उभा करावा लागतो, आणि त्याच्या पहिल्या फीपेक्षा कमी पैशांत गॅरेजचा बोर्ड नव्याने रंगवून मिळतो. त्यामुळे बहुतेक नोटिशींचा निकाल पेंटरकडेच लागतो.