रहमत : रोजा आणि इबादतीतून कृपेची याचना

रहमत म्हणजे अल्लाहची दया, कृपा. ती पदरात पडावी म्हणून इस्लामने रोजा (उपवास), नमाज, दुआ (प्रार्थना), तौबा (पश्चात्तापाने परतणे), जकात (बंधनकारक दान) आणि सदका (दानधर्म) असे मार्ग घालून दिले आहेत. या साऱ्यांना मिळून ‘इबादत’ म्हणतात. हा शब्द ‘अब्द’ म्हणजे दास, बंदा यावरून आला आहे. बंद्याने मालकापुढे आपले बंदेपण कबूल करणे हा इबादतीचा गाभा. ही याचना वर्षभर चालते, पण रमजान महिन्यात ती सर्वांत दाट होते. म्हणून या नोंदीत रोजाला अधिक जागा दिली आहे.

‘रहमत’च्या मुळाशी अरबीतला र-ह-म हा धातू आहे. ‘रहिम’ म्हणजे गर्भाशय हा शब्दही त्याच धातूचा, आणि रक्ताच्या नात्यालाही अरबीत हाच शब्द लावतात. एका हदीसनुसार, म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या वचन-वर्तनाच्या नोंदीनुसार, रहिम हे नाव ‘रहमान’ या ईश्वरी नावावरूनच निघाले आहे : जो नाते जोडून ठेवील त्याला अल्लाह जोडून ठेवील, जो तोडील त्याला तोडील. मराठीत ‘दया’ म्हटले की देणारा वर आणि घेणारा खाली असे चित्र उभे राहते. रहमत समजून घेताना आईच्या पोटातली ऊब आठवावी, ते या शब्दाच्या अधिक जवळचे आहे.

‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम’ या वचनात अल्लाहच्या नावामागोमाग याच धातूची दोन नावे येतात. रहमान म्हणजे ज्याची दया अपार, सर्वांवर पसरलेली; रहीम म्हणजे ज्याची दया अखंड पोहोचत राहते, असा भेद अनेक भाष्यकार करतात. कुरआनच्या ११४ सुरांपैकी (अध्यायांपैकी) नववी, सूरह तौबा, वगळता प्रत्येक सुरेच्या आरंभी हे वचन आहे. सत्ताविसाव्या सुरेत ते आणखी एकदा येते, सुलेमान (अ.) यांनी सबाच्या राणीला पाठवलेल्या पत्रात. त्यामुळे एकूण संख्या पुन्हा ११४ भरते.

‘माझी रहमत प्रत्येक वस्तूला व्यापून आहे’ (७:१५६) आणि ‘तुमच्या पालनकर्त्याने रहमत स्वतःवर बंधनकारक करून घेतली आहे’ (६:५४) ही कुरआनची वचने या विषयाचा पाया आहेत. ‘माझी दया माझ्या क्रोधावर मात करते’ हे वचन हदीसमध्ये अल्लाहच्या तोंडी आले आहे. दुसऱ्या एका हदीसनुसार अल्लाहने दयेचे शंभर भाग केले, नव्व्याण्णव स्वतःजवळ ठेवले आणि एक पृथ्वीवर उतरवला. पिलाला इजा होऊ नये म्हणून घोडी आपला खूर उचलून धरते, ती त्याच एका भागामुळे.

मग दया इतकी व्यापक असेल तर ती मागायची कशासाठी, उपाशी राहायचे कशासाठी, रात्री जागवायच्या कशासाठी? हा प्रश्न टाळून रोजाविषयी लिहिले तर रोजा म्हणजे केवळ उपासमारीचे वेळापत्रक उरते. याचे उत्तर बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण हदीससंग्रहांतल्या एका हदीसमध्ये सापडते. प्रेषित मुहम्मद (स.) म्हणाले, ‘तुमच्यापैकी कोणालाही त्याची कर्मे तारणार नाहीत.’ सोबत्यांनी विचारले, ‘तुम्हालाही नाही, अल्लाहचे प्रेषित?’ ते म्हणाले, ‘मलाही नाही. अल्लाहने मला आपल्या रहमतीने झाकून घेतले, तरच.’ म्हणजे रोजा ही रहमतीची किंमत नव्हे. तीस दिवस उपाशी राहिलो, आता माझे देणे द्या, असा हिशेब येथे मांडता येत नाही. दिवसभराच्या भुकेने माणसाला आपण किती परावलंबी आहोत हे कळते, आणि हात पसरायला लागणारी नम्रता त्या कळण्यातून येते.

रमजानचे रोजे हिजरी २ मध्ये, म्हणजे इ. स. ६२४ मध्ये, बंधनकारक झाले. त्याआधी मुहर्रमच्या दहाव्या दिवसाचा, आशूराचा, रोजा ठेवला जाई; पुढे तो ऐच्छिक झाला. ‘रोजा’ हा शब्द फारसी. अरबीत सौम किंवा सियाम म्हणतात, त्याचा मूळ अर्थ थांबणे, आवरून धरणे. पहाटेचा उजेड फुटल्यापासून सूर्य मावळेपर्यंत अन्न, पाणी आणि शरीरसंबंध यांपासून नियतपूर्वक, म्हणजे मनाशी संकल्प करून, दूर राहणे हे त्याचे शास्त्रीय रूप. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा १० ते ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी तितका अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. एकच माणूस आयुष्यात हिवाळ्यातले आखूड रोजेही ठेवतो आणि उन्हाळ्यातले लांबलचकही.

रोजाचे नियम सूरह बकरहच्या १८३ ते १८७ या आयतींत (वचनांत) आले आहेत. त्यांची रचना लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. १८३ मध्ये रोजाचा हुकूम आणि त्याचा हेतू, म्हणजे तकवा, ईश्वराचे भान. १८४ आणि १८५ मध्ये आजारी व प्रवासी यांना सवलत. १८७ मध्ये रात्रीचे नियम आणि पहाटेच्या पांढऱ्या व काळ्या धाग्याची खूण. मधल्या १८६ मध्ये मात्र रोजाचा उल्लेखच नाही. तेथे अचानक वेगळाच स्वर लागतो : ‘माझे बंदे तुला माझ्याविषयी विचारतील, तेव्हा मी जवळच आहे. हाक मारणारा हाक मारतो तेव्हा मी त्याच्या हाकेला ओ देतो.’ नियमांच्या ऐन मध्यावर हे जवळिकीचे वचन का यावे, यावर भाष्यकारांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि रोजा व दुआ यांचे नाते त्यातून दाखवले आहे. मराठी वाचकाला येथे एक गोष्ट सहज जाणवेल : ‘उपवास’ या शब्दाचा मूळ अर्थही जवळ राहणे असाच आहे.

सवलती हा रोजाच्या नियमांचा तळटिपेत टाकण्याजोगा भाग नव्हे. रहमत तेथेच सर्वांत उघड दिसते. ‘अल्लाहला तुमच्यासाठी सोपे करायचे आहे, अवघड करायचे नाही’ असे १८५व्या आयतीत स्पष्ट म्हटले आहे. आजारी आणि प्रवासी यांनी सुटलेले रोजे नंतर भरून काढावेत. पाळीच्या दिवसांत स्त्रीने रोजा ठेवायचा नसतो. गर्भवती आणि अंगावर पाजणारी आई यांना सूट आहे. वार्धक्यामुळे किंवा बरा न होणाऱ्या आजारामुळे ज्याला रोजा झेपतच नाही, त्याने प्रत्येक दिवसापोटी एका गरिबाला जेवू घालावे. याला फिदया म्हणतात. विसरून खाल्ले-प्याले तर रोजा पुरा करावा, कारण ‘त्याला अल्लाहनेच खाऊ-पिऊ घातले’, असे हदीसमध्ये म्हटले आहे. पहाट फुटण्यापूर्वीची सहरी (रोजाआधीचे खाणे) चुकवू नये, तिच्यात बरकत आहे, आणि सूर्य मावळल्यावर रोजा सोडायला उशीर करू नये, हेही त्याच धर्तीचे.

जाणूनबुजून रोजा मोडणाऱ्याची एक हकीकत हदीससंग्रहांत आहे. एक माणूस प्रेषितांकडे धावत आला : ‘माझा सर्वनाश झाला!’ रमजानच्या दिवसा तो पत्नीपाशी गेला होता. प्रेषितांनी विचारले, एखादा गुलाम मुक्त करू शकशील? नाही. सलग दोन महिने रोजे ठेवशील? नाही. साठ गरिबांना जेवू घालशील? तेही नाही. थोड्या वेळाने कोणी खजुराची टोपली आणून दिली. प्रेषितांनी ती त्याला देऊन सांगितले, ‘घे, दान कर.’ तो म्हणाला, ‘माझ्याहून गरीब कोणाला? मदीनेच्या या दोन खडकाळ पट्ट्यांमध्ये माझ्या घराहून गरजू घर नाही.’ प्रेषित दात दिसेपर्यंत हसले आणि म्हणाले, ‘जा, घरच्यांनाच खाऊ घाल.’ त्याचा कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त, माफ झाला की पुढे ढकलला गेला, यावर फिकहच्या (इस्लामी विधिशास्त्राच्या) पंडितांत मतभेद आहेत. पण गुन्हा कबूल करायला आलेला माणूस खजूर घेऊन घरी गेला. रहमतीची कितीही व्याख्या केली तरी ती या टोपलीइतकी स्पष्ट होणार नाही.

नमाज दिसते, हज दिसतो, दान निदान घेणाऱ्याला तरी कळते. बंद दाराआड कोणी घोटभर पाणी प्याले नाही, हे मात्र दुसऱ्या कोणालाच कळत नाही. ‘रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचा मोबदला मीच देईन’ या ईश्वरी वचनाचा अर्थ अनेक विद्वानांनी असाच लावला आहे. तरी पोट रिकामे ठेवले एवढ्याने काम भागत नाही. जो खोटे बोलणे आणि खोटे वागणे सोडत नाही, त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, असा रोखठोक इशारा बुखारीच्या संग्रहात आहे. इमाम गजाली (मृत्यू इ. स. ११११) यांनी रोजाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : पोट व वासना यांचा, डोळे, कान, जीभ, हात, पाय यांचा, आणि अल्लाहखेरीज साऱ्यापासून मनाचा.

दिवसाला रोजाची आणि रात्रीला नमाजची जोड असते. रमजानच्या रात्री इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजनंतर तरावीह ही जादा नमाज पढतात. रकातींची, म्हणजे नमाजच्या आवर्तनांची, संख्या बहुतेक ठिकाणी वीस, काही ठिकाणी आठ. वेगवेगळे पढणाऱ्या लोकांना खलिफा उमर (र.) यांनी उबय बिन कअब (र.) यांच्या इमामतीखाली एकत्र आणले. शिया परंपरेत रमजानच्या या नफिल (ऐच्छिक) नमाजा एकेकट्याने पढतात. शेवटच्या दहा दिवसांत मशिदीत मुक्काम करून इबादतीत राहणे म्हणजे एतिकाफ. प्रेषित दरवर्षी दहा दिवस एतिकाफ करीत. ज्या वर्षी त्यांचे निधन झाले त्या वर्षी त्यांनी वीस दिवस केला.

याच दहा दिवसांच्या विषम रात्रींत लैलतुल कद्र शोधायची असते. हजार महिन्यांहून श्रेष्ठ अशी ही रात्र. हजार महिने म्हणजे ८३ वर्षे ४ महिने, एक पुरे आयुष्यच. लोकांत सत्ताविसावी रात्र रूढ आहे, शियांत एकोणीस, एकवीस आणि तेवीस या रात्री जागवतात. यांतल्या पहिल्या दोन रात्रींशी प्रेषितांचे जावई अली (अ.) यांच्यावरचा वार आणि त्यांचे निधन (हिजरी ४०) यांची आठवणही जोडलेली आहे. ही रात्र लाभली तर काय मागावे, असे प्रेषितांच्या पत्नी आयेशा (र.) यांनी विचारले. प्रेषितांनी सांगितलेली दुआ एका ओळीची आहे : ‘अल्लाहुम्मा इन्नका अफुव्वुन तुहिब्बुल अफ्व, फअफु अन्नी’, हे अल्लाह, तू माफ करणारा आहेस, माफी तुला आवडते, तर मला माफ कर. येथे क्षमेसाठी ‘मगफिरत’ हा शब्द नाही, ‘अफ्व’ आहे. मगफिरतीच्या धातूत झाकण्याचा अर्थ आहे. डोके झाकणाऱ्या शिरस्त्राणालाही त्याच धातूवरून ‘मिगफर’ म्हणतात. अफ्व म्हणजे पुसून टाकणे, वाऱ्याने वाळूवरची पावले पुसावीत तसे. आयुष्याएवढ्या रात्रीत मागायचे ते एवढेच.

रमजानचे पहिले दहा दिवस रहमतीचे, दुसरे मगफिरतीचे, तिसरे नरकापासून सुटकेचे, ही विभागणी फार लोकप्रिय आहे. ती प्रेषितांचे सोबती सलमान फारसी (र.) यांच्याकडून आलेल्या ज्या हदीसवर आधारलेली आहे, तिची कथनपरंपरा अनेक हदीसतज्ज्ञ कमकुवत ठरवतात. महिन्याची चढण दाखवायला ती सोयीची आहे, पण अकराव्या दिवशी रहमतीचे दार लागते असा समज कोणी करून घेऊ नये.

तौबा म्हणजे परतणे. पाप थांबवणे, त्याचा मनापासून पश्चात्ताप होणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय या तिच्या अटी. दुसऱ्या माणसाचा हक्क बुडवला असेल तर चौथी अट येते : तो परत करणे किंवा त्याची माफी मागणे. रात्रभर सजद्यात (जमिनीवर कपाळ टेकून) रडून शेजाऱ्याची जमीन पचत नाही. निराश होण्याला मात्र मुळीच जागा नाही : ‘स्वतःवर अत्याचार केलेल्या माझ्या बंद्यांनो, अल्लाहच्या रहमतीविषयी निराश होऊ नका’ (३९:५३). भीती (खौफ) आणि आशा (रजा) हे श्रद्धाळूचे दोन पंख, अशी सूफींची उपमा आहे. एक पंख गळाला तरी पक्षी पडतो.

रहमत मागणाऱ्याने ती आधी वाटावी, ही अटही तितकीच ठाम आहे. ‘पृथ्वीवरच्यांवर दया करा, आकाशातला तुमच्यावर दया करील’ असे हदीस सांगते. रमजानच्या शेवटी ईदच्या नमाजपूर्वी घरातल्या प्रत्येक माणसामागे धान्याचे एक माप, एक साअ, गरिबांना पोहोचवावे लागते. हा सदका-ए-फित्र रोजातल्या वावग्या बोलण्याचे शुद्धीकरण आणि गरिबाचे अन्न अशा दोन्ही कामांसाठी आहे.

या मार्गावर अतिरेकालाही बंदी आहे. प्रेषितांचे सोबती अब्दुल्लाह बिन अम्र (र.) रोज रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाज पढत. प्रेषितांनी त्यांना बजावले : तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, डोळ्यांचा आहे, पत्नीचाही आहे. प्रेषितांनी जास्तीत जास्त दाऊद (अ.) या पूर्वीच्या प्रेषितांचा रोजा, म्हणजे एक दिवसाआडचा, मान्य केला. न सोडता सलग चालवलेला रोजा (विसाल) त्यांनी मना केला, आणि आयेशा (र.) सांगतात की ही मनाई लोकांवरच्या दयेपोटी होती. ऐच्छिक रोजे पुष्कळ आहेत : सोमवार व गुरुवार, चांद्र महिन्याची १३, १४, १५ तारीख, रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यातले सहा, आणि हजला न गेलेल्यांसाठी अरफाचा (हजमधला मुख्य) दिवस, ज्याचा रोजा मागच्या व पुढच्या वर्षाच्या पापांचा कफ्फारा होईल अशी आशा हदीस देते.

दोन्ही ईदच्या दिवशी मात्र रोजा हराम आहे. ईदुल फित्रच्या सकाळी नमाजला निघण्यापूर्वी प्रेषित काही खजूर खात, आणि ते विषम संख्येने खात.