पार्श्वभूमी : टोपोटेकान इतक्या उशिरा का आलं?

धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत झालेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा दाखला आता जगभर दिला जातो. १ लाख ३१ हजारांवर बायका त्या अभ्यासात होत्या. ज्या गटात एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, चाचणी एकदाच झाली, तिथे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. पण जिचा आजार कळायलाच उशीर होतो, तिच्यासाठी सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाच्या जोडीला जी औषधं असतात, त्यांतलं टोपोटेकान हे झाडातून आलेलं आहे.

सदाफुलीपासून कर्करोगाची औषधं मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं लालभडक इंजेक्शन मातीतल्या जंतूंच्या घराण्यातलं. त्या जंतूची मूळ माती दक्षिण इटलीतली. टोपोटेकानचा प्रवास या दोघांपेक्षा जास्त अडखळला.

१९६०नंतर अमेरिकेत सरकारी खर्चाने हजारो वनस्पतींचे अर्क तपासले जात होते. त्यात एका चिनी झाडाच्या अर्काने उंदरांमधला रक्ताचा कर्करोग आटोक्यात आणला. १९६६ साली त्यातला नेमका रेणू हाती लागला : कॅम्पटोथेसिन. अडचण एकच, तो पाण्यात विरघळेना, आणि न विरघळणारं औषध शिरेतून देणार कसं?

मग जे ठरलं त्यावर अजून बोललं जातं. रेणूला अल्कलीत घालून त्याचं सोडियम क्षार करण्यात आलं. ते पाण्यात सहज विरघळलं, १९७०च्या सुमारास रुग्णांनाही दिलं गेलं. पण क्षार करताना रेणूतलं लॅक्टोनचं कडं (अणूंची एक बंद साखळी) उघडतं, आणि औषधाचा जोर त्या बंद कड्यातच असतो. उघड्या रूपात कर्करोगावर परिणाम फारच कमी. त्यात लघवी आम्लधर्मी, म्हणून मूत्राशयात पोचल्यावर ते कडं पुन्हा मिटायचं आणि औषध नको तिथे जागं व्हायचं. रुग्णांना रक्ताची लघवी होऊ लागली, पांढऱ्या पेशी घसरल्या. पोटाच्या आणि आतड्याच्या कर्करोगात गुण आला तो अगदी मोजक्यांना. १९७२च्या आसपास चाचण्या गुंडाळल्या गेल्या.

बाजू घ्यायची तर असं म्हणता येईल की तेव्हा दुसरा मार्ग दिसत नव्हता, आणि मरणाच्या दारातल्या माणसांसाठी घाई समजण्यासारखी होती. तरी औषधाचं रूप बदलल्यावर ते औषध तेच राहिलं का, हे माणसांना टोचण्याआधी पाहायला हवं होतं. नापास झालं ते क्षार. शिक्का बसला मूळ रेणूवर, आणि तो दशकभर तसाच राहिला.

१९८५मध्ये उलगडलं की कॅम्पटोथेसिन पेशीतल्या टोपोआयसोमरेझ-१ या विकराला (एन्झाइमला) डीएनएवरच अडकवून धरतं. पेशी डीएनएची नक्कल करायला जाते आणि डीएनए तिथे तुटतो. असं काम करणारं दुसरं औषध तेव्हा नव्हतं, त्यामुळे सगळे पुन्हा या रेणूकडे वळले. या वेळी कडं शाबूत ठेवून रेणू विरघळता केला गेला. त्यातून इरिनोटेकान आणि टोपोटेकान आली, आणि १९९६ साली अमेरिकेत दोन्हींना परवानगी मिळाली. गर्भाशयमुखाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी टोपोटेकान मान्य व्हायला २००६ उजाडलं.

दोन्ही औषधांचा कच्चा माल मात्र झाडातूनच येतो, आणि इथे महाराष्ट्र येतो. सह्याद्रीच्या ओल्या रानातल्या नरक्या या झाडात कॅम्पटोथेसिन भरपूर असतं, हे १९७२मध्येच कळलं होतं. म्हणजे तिकडे चाचण्या बंद पडत होत्या तेव्हाच. मागणी वाढल्यावर कोल्हापूर, सिंधुदुर्गाकडच्या जंगलांत नरक्याची बेसुमार, बरीचशी चोरटी तोड झाली. आपल्या बालाघाटाच्या डोंगरांत अशी तोड नाही, पण इकडे दुसरंच पेव फुटलंय : सीताफळाच्या पाल्याचा काढा, लक्ष्मणफळाची रोपं, ‘कॅन्सरवर रामबाण’ म्हणून. या कुळातल्या फळांतली काही द्रव्यं प्रयोगशाळेत पेशी मारतात हे खरं, पण मज्जासंस्थेच्या पेशींनाही ती घातक ठरू शकतात. काढ्यात ती किती उतरली, हे कोण मोजतं?

२००५ साली नरक्याच्या आत राहणारी एक बुरशीही कॅम्पटोथेसिन बनवते असं आढळलं. झाड न तोडता टाकीत औषध पिकवता येईल, अशी आशा त्यातून निर्माण झाली. मात्र अशा बुरश्या प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवल्या की त्यांचं उत्पादन घटत जातं, आणि कारखान्यांची मदार अजून झाडांवरच आहे.