हिरव्या पट्ट्याचे नेमके काम: इतामी विमानतळाशेजारची जमीन आणि तिच्याविषयीची मते

जपानमधील ओसाका शहराजवळच्या इतामी विमानतळाच्या पश्चिम कडेला, धावपट्टीला समांतर, सुमारे बाराशे मीटर लांब आणि जेमतेम ८० मीटर रुंद असे एक उद्यान आहे. त्याचे नाव इतामी स्काय पार्क. २००८ साली ते पूर्णपणे खुले झाले. गवताचे उंचवटे, मुलांची खेळणी आणि कारंजी ओलांडून कुंपणाशी गेले की पलीकडे ३००० मीटरची धावपट्टी दिसते. सुटीच्या दिवशी इथे कुटुंबेच्या कुटुंबे येतात आणि उड्डाण करणारे विमान समोरून गेले की लहान मुले कानांवर हात ठेवून आनंदाने ओरडतात. हे उद्यान जिथे आहे ती जमीन मुळात करमणुकीसाठी राखलेली नव्हती. विमानांच्या आवाजापासून वस्तीला दूर ठेवण्यासाठी तयार झालेला तो मधला पट्टा, नियोजनाच्या भाषेत ‘बफर’, आहे. ज्या आवाजापासून वाचण्यासाठी लोकांनी न्यायालयाची पायरी चढली, तोच आवाज ऐकायला आज लोक मुद्दाम येतात, ही गोष्ट समजून घ्यायची तर आधी हिरवा पट्टा आवाजाचे नेमके काय करतो हे पाहावे लागते.

बहुतेकांची समजूत अशी असते की झाडांची दाट रांग लावली की आवाज अडतो. ती समजूत अनुभवातूनच आलेली असली तरी आकडे तिला फारशी साथ देत नाहीत. मोकळ्या जागेतील ध्वनिप्रसाराची गणना करण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या आयएसओ ९६१३ या मानकानुसार, पलीकडचे काहीच दिसू नये इतक्या दाट झाडीतून जाताना ५०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५०० कंपनांच्या, ध्वनीची पातळी दर मीटरला सुमारे ०.०५ डेसिबेलने घटते, तर ६३ हर्ट्झच्या खर्ज ध्वनीची घट मीटरला फक्त ०.०२ डेसिबेल असते. म्हणजे ८० मीटर रुंदीचे घनदाट रान उभे केले, तरी मधल्या स्वरांत ४ आणि खर्जात जेमतेम दीड डेसिबेल घट पदरात पडेल. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबेलची घट लागते. प्रत्यक्षातले उद्यान तर घनदाट नसतेच, कारण लोकांना बसायला हिरवळ आणि चालायला वाटा हव्या असतात.

याचे कारण लहरींच्या लांबीत आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो, त्यामुळे १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या जवळ जाते. काही सेंटिमीटरची पाने आणि हातभर जाडीची खोडे अशा लहरीच्या वाटेत जवळजवळ नसल्यासारखीच असतात. पाण्यात रोवलेल्या काठीला वळसा घालून लाट जशी पुढे जाते, तशीच ही लहरही पुढे जाते. पाने अडवतात ती उंच पट्टीचा, सळसळता भाग. इंजिनाचा घुमारा ती अडवत नाहीत, आणि दूरच्या घरातल्या खिडकीची तावदाने थरथरवणारा हाच घुमारा असतो.

दुसरी अडचण विमानाच्या जागेची. रस्त्यावरची मोटार कायम जमिनीवर असते, म्हणून तिच्या आणि घराच्या मध्ये मातीचा बांध किंवा भिंत घालता येते. विमान मात्र उड्डाणानंतर काही सेकंदांतच झाडांच्या शेंड्यांच्या वर गेलेले असते. ते क्षितिजापासून जितके वर, तितका जमिनीचा आणि तिच्यावरच्या अडथळ्यांचा परिणाम कमी, आणि डोक्यावर आल्यावर तर मुळीच नाही. हिरव्या पट्ट्याचा ध्वनिशास्त्रीय उपयोग उरतो तो फक्त जमिनीवरच्या आवाजापुरता: धावपट्टीवरचा वेग, उतरल्यावर उलट जोर लावून केलेली गतिरोधाची गर्जना आणि उभ्या विमानाच्या यंत्रांची घरघर. या आवाजाला मातीचा उंच बांध झाडांपेक्षा पुष्कळ जास्त अडवतो आणि भुसभुशीत, गवताळ जमीन काँक्रीटपेक्षा जास्त शोषते. झाडे या तिन्हींत शेवटच्या क्रमांकावर येतात, पण उद्घाटनाच्या छायाचित्रात तीच पहिली असतात.

जमिनीच्या घडणीने काय साधते याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानमध्ये नसून नेदरलँड्समध्ये आहे. अॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाची ‘पोल्डरबान’ ही धावपट्टी २००३ साली सुरू झाली. तिच्यावरून विमाने उत्तरेकडे झेपावत आणि मागे, दक्षिणेकडच्या होफडॉर्प गावात, सपाट शेतांवरून खर्ज घुमारा येऊन पोहोचे. तिथल्या रहिवाशांच्या ध्यानात आले की शरद ऋतूत शेतांची नांगरट झाली की हा घुमारा कमी जाणवतो. ही निरीक्षणे संशोधकांनी मनावर घेतली. सुमारे ३० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ११ मीटरच्या आसपास असते. त्या मापाच्या अंतराने सरी-वरंबे काढले तर जमिनीलगत धावणारी लहर विस्कटते, या हिशेबाने २०१३ साली ‘बाउटेनस्खोट’ नावाचे ३० हून अधिक हेक्टरांचे उद्यान उभे राहिले. त्यात काही मीटर उंचीचे दीडशेच्या आसपास वरंबे आहेत, त्यांच्या मधून पायवाटा आहेत, आणि भूदृश्य-कलावंत पॉल द कोर्ट यांनी त्याला कलाकृतीचे रूप दिले आहे. वरंब्यांमुळे मिळणारी घट दोन-तीन डेसिबेलांची आहे, म्हणजे जादू नाही. पण ही कल्पना शेताच्या बांधावरून प्रयोगशाळेत गेली, हे मला त्या घटीइतकेच महत्त्वाचे वाटते.

मग इतामीचा पट्टा कशासाठी? त्याचे उत्तर कायद्यात आहे. हे विमानतळ १९३९ साली सुरू झाले, युद्धानंतर अमेरिकी सैन्याच्या ताब्यात गेले आणि १९५८ साली परत मिळाले. १९६४ मध्ये तिथे जेट विमाने येऊ लागली आणि १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनाच्या तोंडावर ३००० मीटरची नवी धावपट्टी तयार झाली. भोवताली इतामी, कावानिशी आणि तोयोनाका या शहरांची दाट वस्ती होती. १९६९ च्या डिसेंबरमध्ये कावानिशीच्या रहिवाशांनी सरकारविरुद्ध दावा लावला. १९७५ साली ओसाका उच्च न्यायालयाने रात्री ९ नंतरची उड्डाणे थांबवण्याचा निकाल दिला. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने, उड्डाणबंदीची मागणी दिवाणी दाव्यातून करता येणार नाही असे म्हणत ती फेटाळली, पण झालेल्या त्रासाची भरपाई मान्य केली. विमानतळ मात्र आजही सकाळी ७ ते रात्री ९ एवढ्याच वेळात चालते.

याच काळात, १९६७ च्या कायद्यातून आणि पुढे त्याच्यात झालेल्या सुधारणांतून, विमानतळाभोवती आवाजाच्या पातळीनुसार तीन क्षेत्रे आखण्याची पद्धत आली. आज त्यांच्या सीमा दिवस-सायंकाळ-रात्र अशा भारित सरासरीने ठरतात, ज्यात सायंकाळच्या आवाजाला ५ आणि रात्रीच्या आवाजाला १० डेसिबेल जास्तीचे धरले जातात. ही सरासरी ६२ डेसिबेलांपासून पुढे गेली की पहिले क्षेत्र, जिथे घरांना आवाजरोधक खिडक्या-दारे बसवायला मदत मिळते. ७३ पासून दुसरे, जिथे स्थलांतर करू इच्छिणाऱ्याची जमीन सरकार विकत घेते. आणि ७६ पासून तिसरे, जिथे घेतलेल्या जमिनीवर हिरवा पट्टा करायचा असतो. याचा अर्थ असा की पट्ट्याचे मुख्य काम आवाज अडवणे हे नाहीच. सर्वांत जास्त आवाज जिथे आहे तिथे कोणी राहू नये, एवढेच त्याचे काम. उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबेलने उतरतो, आणि हे अंतर झाडांनी भरलेले असो की गवताने, हिशेब फारसा बदलत नाही.

आपल्या शहरांच्या विकास आराखड्यांत ‘हरितपट्टा’ हा शब्द अशाच अर्थाने येतो. नकाशावर हिरवी रंगवलेली जमीन प्रत्यक्षात हिरवी असेलच असे नाही, पण तिथे घर बांधता येणार नाही हे नक्की असते. पुण्यातल्या नदीकाठच्या जमीनमालकाला विचारले तर हिरवा रंग म्हणजे काय हे तो कोणत्याही वनस्पतिशास्त्रज्ञापेक्षा नेमके सांगेल.

इतामीतील मते दुभंगली ती इथेच. सरकार जमीन घेत होते ती मागणी करणाऱ्याकडून, सक्ती नव्हती. त्यामुळे एक घर गेले, शेजारचे दोन राहिले, पुढचे चार गेले, असे होत गल्ल्यांमध्ये कुंपण घातलेले रिकामे सरकारी तुकडे पडत गेले. जपानीत अशा वस्तीला किडीने खाल्लेल्या पानाची उपमा देतात. जो निघून गेला त्याला शांतता आणि मोबदला मिळाला, पण जो राहिला त्याचा आवाज तेवढाच राहिला आणि शेजार मात्र गेला. शेजार गेला की कोपऱ्यावरचे दुकान अडचणीत येते आणि रात्री गल्ली सुनसान होते. बाहेरून आलेल्या पाहुण्याला जी मोकळी हवेशीर जागा दिसते, तिच्यात जुन्या रहिवाशाला एकेक घर दिसत असणार. ‘लोकांना हिरवा पट्टा हवा आहे का’ असा एकच प्रश्न विचारून घेतलेले कोणतेही सर्वेक्षण मला म्हणूनच अपुरे वाटते. उत्तर देणारा पट्ट्याच्या कोणत्या बाजूला, किती वर्षे राहिला, हे कळल्याशिवाय त्या ‘हो’ किंवा ‘नाही’ला काही अर्थ नाही.

मत काळानुसारही बदलते, आणि त्याची नोंद इतामी नगराने स्वतःच करून ठेवली आहे. १९७३ साली या नगराने ‘विमानतळ हटवा’ अशी औपचारिक घोषणा केली होती. १९९४ साली समुद्रात भर घालून बांधलेले कान्साई विमानतळ सुरू झाले, आंतरराष्ट्रीय उड्डाणे तिकडे गेली आणि इतामी देशांतर्गत वाहतुकीचे विमानतळ झाले, जरी अधिकृत नावात ‘ओसाका आंतरराष्ट्रीय’ हे शब्द अजून आहेत. विमानेही पूर्वीपेक्षा कमी आवाजाची झाली. आणि २००७ साली, म्हणजे स्काय पार्क पूर्ण होत असतानाच, त्याच नगराने विमानतळासह नांदण्याची घोषणा केली. चौतीस वर्षांत भूमिका पूर्ण फिरली. या बदलाचे श्रेय उद्यानाला देणे भाबडेपणाचे होईल, पण न्यायालयीन लढ्यातून ठरलेली रात्रीची शांतता नसती तर उद्यानातली ती गर्दी कदाचित जमली नसती.

झाडांमुळे आवाज कमी होत नसला तरी त्याचा त्रास कमी वाटत असेल, असा तर्क सहज सुचतो. रस्ता आणि रेल्वेच्या बाबतीत तो खराही ठरतो. स्वित्झर्लंडमध्ये साडेपाच हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. घराभोवती हिरवाई जास्त असणाऱ्यांना तेवढ्याच रस्त्याच्या किंवा रेल्वेच्या आवाजाचा त्रास कमी वाटतो, असे त्यात दिसले. विमानांच्या बाबतीत मात्र नेमके उलटे निघाले: हिरवाई जितकी जास्त, तितका त्रास जास्त. एक संभाव्य स्पष्टीकरण अपेक्षेचे आहे. झाडांत राहायला जाणारा माणूस शांततेची अपेक्षा धरून जातो, आणि झाडे रस्ता डोळ्यांआड करतात तशी विमानाला डोळ्यांआड करू शकत नाहीत. शिवाय तेवढ्याच डेसिबेलांचा विमानाचा आवाज माणसाला एरवीही जास्त खटकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सुचवलेली मर्यादा रस्त्यासाठी ५३ आणि रेल्वेसाठी ५४ डेसिबेल आहे, विमानांसाठी ४५. स्काय पार्कमध्ये हा विरोधाभास जाणवत नाही, कारण तिथे येणाऱ्याची अपेक्षाच विमानाची असते आणि तासाभराने तो घरी जातो.

हिरवाईच्या निवडीवर आणखी एक बंधन असते, ते पक्ष्यांचे. विमानतळाशेजारी वड, उंबर, जांभूळ लावणे म्हणजे पाखरांना आणि वटवाघळांना धावपट्टीवर आमंत्रण देणे. भारताच्या १९३७ च्या विमान नियमावलीतील ९१ व्या नियमाने विमानतळापासून १० किलोमीटरांच्या आत उघड्यावर पशुहत्या आणि कचरा टाकणे निषिद्ध केले होते, तेही याच कारणासाठी. ब्रिटनमधील अनेक विमानतळ गवत १५ ते २० सेंटिमीटर उंच ठेवतात, कारण तेवढ्या गवतात पक्ष्यांना खाद्य शोधणे आणि धोक्यावर नजर ठेवणे अवघड जाते. जैवविविधतेच्या दृष्टीने समृद्ध पट्टा आणि विमानांसाठी सुरक्षित पट्टा यांचे म्हणूनच फारसे जमत नाही, आणि उत्साहाच्या वृक्षारोपणाआधी हे कोणीतरी सांगायला हवे असते.

मुंबईत विमानतळाच्या भिंतीला कुर्ला-जरीमरीची घरे टेकलेली आहेत. तिथे मधला पट्टा करायला जमीनच उरलेली नाही. इतामीत जमीन आहे, पण तिच्यापुढे वेगळाच प्रश्न आहे. विमाने कमी आवाजाची होत गेली की आवाजाच्या त्या तीन क्षेत्रांच्या सीमारेषा धावपट्टीकडे आकसतात, आणि कालपर्यंत रेषेच्या आत असलेले रिकामे तुकडे आज बाहेर येतात. या १९६७ च्या कायद्यात घर बांधण्यावर बंदी नाही. तशी तरतूद जपानने १९७८ च्या वेगळ्या कायद्याने केली आणि ती लागू झाली ती टोकियोजवळच्या नारिता विमानतळाभोवती. त्यामुळे इतामीतला एखादा तुकडा सरकारने विकायला काढला, तर तिथे पुन्हा घर उभे राहू शकते. त्या घरात राहायला येणाऱ्याला १९६९ चा दावा ठाऊक असेलच असे नाही, पण सकाळी ७ वाजता पहिले विमान निघताना त्याच्या खिडकीची तावदाने थोडी का होईना थरथरतील.