उसनं इन्सुलिन

आमच्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्याखाली, ग्लार्जिन या इन्सुलिनची बाटली असते. औषध माणसांचं. घेतो आमचा बोका, बारा-बारा तासांनी, एकेक युनिट. मांजराच्या मधुमेहाचा इतिहास वाचायला लागल्यावर लक्षात आलं की हे काही नवीन नाही. मांजराला इन्सुलिन बहुतेकदा उसनंच मिळत आलंय.

सुरुवात झाली कुत्र्यांपासून. १८८९ मध्ये स्ट्रासबर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याच्या लघवीत साखर उतरली. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांचे प्रयोगही कुत्र्यांवरच झाले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन मिळालं. पुढची साठेक वर्षं इन्सुलिन यायचं कत्तलखान्यातून, गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून. इथे मांजराचं नशीब बरं निघालं. गाईच्या आणि मांजराच्या इन्सुलिनमध्ये फक्त एका अमिनो आम्लाचा फरक आहे. डुकराशी तोच फरक तीनचा आणि माणसाशी चारचा. त्यातही गाईचं प्रोटामिन झिंक इन्सुलिन, म्हणजे १९३६ मध्ये आलेलं ‘पीझेडआय’, सावकाश उतरायचं आणि मांजराला मानवायचं.

१९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन अमेरिकेत मंजूर झालं. माणसांसाठी ही मोठीच सोय होती, पण गाईच्या इन्सुलिनचं गिऱ्हाईक संपत गेलं. ब्रिटनमधल्या ‘मॅड काऊ’च्या भीतीने त्यात भर घातली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जुनं पीझेडआय माणसांच्या बाजारातून गेलं आणि मांजरं मागे राहिली. हाताशी असलेलं एनपीएच हे माणसांचं मध्यम पल्ल्याचं इन्सुलिन मांजराच्या अंगात पटकन चढतं आणि बारा तास भरायच्या बऱ्याच आधी उतरतं. मधल्या काळात साखर एकदा दरीत, एकदा डोंगरावर. खास प्राण्यांसाठीचं डुकराचं लेंटे इन्सुलिन होतं, पण २००९ मध्ये अमेरिकेत त्याचाही पुरवठा थांबला. ते परतलं २०१३ मध्ये. मांजरांसाठी नव्याने बनवलेलं पीझेडआयही २००९ चंच.

दरम्यान २००० मध्ये माणसांसाठी ग्लार्जिन आलं. बाटलीत ते आम्लधर्मी असतं. कातडीखाली गेल्यावर त्याचा साका बसतो आणि तो हळूहळू विरघळत राहतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला जॅकी रँड यांच्या गटाने नुकतंच निदान झालेली २४ मांजरं घेतली आणि आठ-आठच्या तीन गटांना तीन वेगळी इन्सुलिनं दिली. लेंटेवरच्या दोघांचं आणि पीझेडआयवरच्या तिघांचं इन्सुलिन सुटलं, म्हणजे इंजेक्शनाची गरजच उरली नाही. ग्लार्जिनवरच्या आठही मांजरांचं सुटलं. गट लहान होता हे खरं, तरी हे आकडे वाचून मी दोनदा चष्मा पुसला.

इन्सुलिन ‘सुटतं’ कसं? मांजराचा मधुमेह बहुतेकदा आपल्या टाइप २ सारखा असतो. १९८७ मध्ये माणसाच्या स्वादुपिंडातल्या गाठीत आणि मधुमेही मांजराच्या स्वादुपिंडात साचलेल्या अमायलॉइडमध्ये एकच प्रथिन सापडलं. या बाबतीत मांजर आपल्या इतकं जवळचं आहे. चढी साखर इन्सुलिन बनवणाऱ्या उरल्यासुरल्या पेशींनाही थकवते; ती वेळेत खाली आणली तर काही पेशी पुन्हा कामाला लागतात. म्हणून पहिले महिने मोलाचे.

पण साखर खाली आणायची तर ती मोजायला हवी, आणि खरी गाठ तिथेच होती. पूर्वी मांजराला दिवसभर दवाखान्यात ठेवून दर दोन तासांनी रक्त काढायचे. पिंजरा आणि शेजारी भुंकणारा लॅब्रॅडॉर एवढं भीतीलाच पुरतं आणि नुसत्या भीतीने मांजराची साखर तीनशेच्या पुढे जाऊ शकते. मग आकडा आजाराचा की घाबरण्याचा? २००० च्या सुमाराला झुरिकमध्ये क्लाउडिया रॉयश यांच्या गटाने कानाच्या कडेवरून थेंब घेऊन साध्या मीटरवर साखर मोजायची पद्धत मांडली. आम्ही तेच करतो. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल कानावर धरायचा, मागे कापसाचा बोळा, कडेच्या शिरेजवळ टोचायचं. बोका कान झटकतो आणि थेंब भिंतीवर जातो. दुसऱ्यांदा जमतं. माणसांचा मीटर मात्र मांजराची साखर सहसा कमी दाखवतो, कारण आपल्या रक्तातली बरीच साखर लाल पेशींत असते, मांजराची जवळजवळ सगळी बाहेरच्या द्रवात.

कानावरच्या या थेंबाने डोसचं गणित पालटलं. जर्मनीतल्या कर्स्टेन रूम्प यांनी रँड यांच्यासोबत २००९ मध्ये घरी मोजलेल्या ५५ मांजरांची माहिती मांडली. इंजेक्शनआधीच्या आकड्याइतकंच दोन इंजेक्शनांमधल्या सर्वांत खालच्या आकड्याकडे बघायचं आणि डोस पाव-अर्ध्या युनिटाने हलवायचा. ६४ टक्के मांजरांचं इन्सुलिन सुटलं. निदानापासून सहा महिन्यांत सुरुवात केलेल्यांत ८४ टक्के. याच मांजरांचे दहा हजारांहून जास्त आलेख तपासून पुढे जुनी एक समजूतही त्यांनी मोडीत काढली. १९३० च्या दशकात मायकेल सोमोगी यांनी मांडलं होतं की जास्त इन्सुलिनने साखर पडली की ती उसळून वर येते. त्या धाकाने चढा आकडा दिसला की डोस कमी केला जायचा. या आलेखांत अशी उसळी अगदी विरळा निघाली.

आपल्याकडचा घोळ वेगळाच. भारतात मानवी इन्सुलिनच्या बाटल्या अजून ४० युनिट प्रति मिलीच्या मिळतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपीची. ग्लार्जिन १०० चं, त्याला नारिंगी टोपीची लागते. एकदा औषधाच्या दुकानातून लाल टोपीच्या आल्या, मीही बघितलं नाही. एकच्या रेघेपर्यंत भरलं. गेलं अडीच युनिट. तीन तासांनी बोका ओट्याखाली मागचे पाय ओढत चालत होता. हिरड्यांना मध चोळला आणि रात्रभर दर अर्ध्या तासाने कान टोचला. आता सिरिंजच्या पाकिटावर मार्करने मोठ्ठं ‘१००’ लिहिलेलं असतं.

अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिनची गोळी आणि २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिनचं द्रव औषध मंजूर झालं. दोन्ही तोंडाने द्यायची, सुई नको, आणि मंजुरीही मांजराच्याच नावाने. ही औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, पण अंगात स्वतःचं इन्सुलिन पुरेसं नसेल तर साखर ठीक दिसत असतानाही रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना बनणारी आम्लं, साठून जिवावर बेततं. त्यामुळे बेक्साग्लिफ्लोझिन आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांना द्यायचं नाही, असं मंजुरीतच आहे. म्हणजे आमचा बोका त्यातून बाद.