घातांकी फलांचे आलेखन : रूपांतरण पद्धत

घातांकी फलाचा (ज्यात चल क्ष घातांकात असतो अशा फंक्शनचा) आलेख दर वेळी नव्याने बिंदू मांडून न काढता, एकाच मूळ वक्राला सरकवून, उलटवून किंवा ताणून काढण्याची रीत.

य = २^क्ष (२ चा क्ष-वा घात) हा मूळ वक्र घेऊ. तो (−१, ½), (०, १) आणि (१, २) या बिंदूंतून जातो. उजवीकडे झपाट्याने चढतो. डावीकडे क्ष-अक्षाच्या जवळ जवळ जात राहतो, पण त्याला कधीच टेकत नाही. क्ष-अक्ष ही त्याची अनंतस्पर्शी रेषा. हे तीन बिंदू आणि ही एक रेषा एवढ्यावर सगळे काम भागते.

आता य = ३ − २^(क्ष + १) पाहा. घातांकात १ मिळवला आहे, तरी वक्र डावीकडे सरकतो. इथे बहुतेकांची गल्लत होते. घातांक शून्य व्हायला पूर्वी क्ष = ० लागे, आता क्ष = −१ लागतो; म्हणून प्रत्येक बिंदू एक घर डावीकडे जातो : (−२, ½), (−१, १), (०, २). ऋण चिन्हामुळे वक्र क्ष-अक्षात परावर्तित होतो : (−२, −½), (−१, −१), (०, −२). शेवटी सगळे ३ ने वर उचलले, की (−२, २½), (−१, २), (०, १) मिळतात. अनंतस्पर्शी रेषा य = ३ झाली आणि वक्र तिच्या खाली राहिला. ती तुटक रेषेने आधीच काढून ठेवावी. वक्र कुठे सपाट व्हायचा ते मग हाताला आपोआप कळते. क्रम मात्र चुकवू नये. आधी उचलून मग उलटवले, तर अनंतस्पर्शी य = −३ वर जाऊन बसते.

क्ष-अक्षावर असलेली अनंतस्पर्शी रेषा फक्त उभ्या सरकण्याने हलते. गरम पाणी निवताना त्याच्या तापमानाचा आलेख खोलीच्या तापमानाशी सपाट होतो, तो याच कारणाने : सूत्रात मिळवलेली स्थिर संख्या म्हणजे खोलीचे तापमान.

घातांक ऋण केला, की वक्र य-अक्षात परावर्तित होतो. २^(−क्ष) म्हणजेच (½)^क्ष, उतरता वक्र.

या फलांची सर्वांत देखणी गोष्ट वेगळीच आहे. २^(क्ष + ३) = ८ × २^क्ष. म्हणजे वक्र तीन घरे डावीकडे सरकवणे आणि उभ्या दिशेने आठपट ताणणे या दोन्ही कृतींतून एकच आलेख निघतो. परवलयाच्या (य = क्ष² सारख्या वक्राच्या) बाबतीत असे होत नाही. नुसता आलेख समोर ठेवला, तर तो सरकवून आला की ताणून, हे कुणालाच सांगता येणार नाही.