झारखंडची गरिबी आणि ‘आळशी लोकां’ची दंतकथा

‘पायाखाली कोळसा-लोखंड, तरी गरीब, म्हणजे माणसंच आळशी,’ असं झारखंडबद्दल वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते खोटं आहे. 1950च्या दशकात केंद्राने पोलादाचं रेल्वेभाडं देशभर समान केलं. जमशेदपूरचं पोलाद मुंबईतही जवळपास त्याच भावात मिळू लागलं. मग कारखानदार खाणीजवळ कशाला जाईल? हे 1990च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. फायदा आपल्या महाराष्ट्रालाही झाला, हे कबूल करायलाच हवं. दरम्यान 1971-73 मध्ये बहुतेक कोळसा खाणी सरकारी झाल्या. कोळशाच्या रॉयल्टीचा, म्हणजे कोळसा काढण्याबद्दल राज्याला मिळणाऱ्या मोबदल्याचा, दर आजही दिल्लीच ठरवते. नीती आयोगाच्या 2021 मधल्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात (यात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान मोजतात) झारखंडपेक्षा गरीब राज्य एकच होतं, शेजारचा बिहार.